डक्टकडची खिडकी

शैलजा गेल्याचं मला सोसायटीच्या ग्रुपवर कळलं. मी मुलुंडच्या बाजारात कोथिंबीर निवडत होते. मेसेजखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली आणि सेक्रेटरींनी लिहिलं, 'वय झालं होतं, त्यात हार्ट.' अठ्ठावन्न हे वय झालं असेल, तर माझंही होत आलंय. मृत्यूच्या दाखल्यावर हृदय आहे, असू दे. मे महिन्यातल्या त्या दुपारी अंग थंड ठेवायला ते किती धावलं, हे दाखल्यावर लिहायची पद्धत नाही.

शैलजा आमच्या समोरच्या दाराची. कॉलेजात फिजिक्स शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. एकटीच राहायची. तिच्या बेडरूमला एकच खिडकी, तीही डक्टमध्ये, म्हणजे पाइपांच्या त्या उभ्या बोळात उघडणारी. तिथे तिने दोन थर्मामीटर टांगले होते, एक साधा आणि एक टोकाला ओलं मलमल गुंडाळलेला. रोज सकाळी फडकं भिजवायची. मी एकदा म्हटलं, देवपूजा झाली का तुझी, तर चिडली. "अगं, घाम वाळला तरच अंग निवतं. हा ओला जितका वर चढेल तितकी आपली सुटका कमी. समुद्र तापतोय, तापलेल्या हवेत वाफ जास्त मावते. विदर्भात ऊन मारतं, आपल्याकडे दमटपणा मारेल, बघ."

मग इमारतीचं रंगकाम काढलं. दर्शनी भिंत छान दिसावी म्हणून सगळ्यांच्या एसींची बाहेरची युनिटं कमिटीने डक्टमध्ये नेली. मीटिंगमध्ये शैलजा म्हणाली, "एसी उष्णता संपवत नाही हो, शेजाऱ्याकडे ढकलतो."

"मॅडम, लेक्चर नको," सेक्रेटरी हसले. "तुम्हीपण लावा ना एसी."

"म्हणजे माझी उष्णता वरच्या मजल्यावर."

लोक घड्याळं बघत होते... शेवटी कमिटीने मन मोठं करून तिला एक कूलर दिला. मुंबईत, बंद डक्टच्या तोंडाशी, पाण्याचा कूलर. "नागपुरात हा कूलर गं, इथे वाफारा," ती म्हणाली आणि त्यावर मनीप्लँटची कुंडी ठेवली.

शोकसभेत सेक्रेटरी म्हणाले, "आम्ही कूलरही दिला होता. त्यांनी वापरला नाही." मी उठून म्हटलं, आधी युनिटं हलवा, मग तिच्याबद्दल बोला. मागून कोणीतरी पुटपुटलं, ही काय वेळ आहे का. ती जिवंत असतानाही वेळ नव्हतीच.

तिच्या मुलीने घर आवरताना ते थर्मामीटर मला दिले. मी ते जिन्यातल्या खिडकीत टांगलेत, डक्टच्याच बाजूला, येता-जाता सगळ्यांना दिसतील असे. फडकं रोज सकाळी मी भिजवते. परवा लिफ्ट बंद होती, म्हणून सेक्रेटरी जिन्याने आले.

"वहिनी, हे किती दिवस चालणार?"

"युनिटं हलेपर्यंत."

ते रुमालाने मान पुसत वर गेले. वळणावर पोचेपर्यंत ती पुन्हा ओली झालेली मला खालून दिसत होती.