गेल्या दिवाळीचा रकाना

आमच्या दिवाळी मास्तरांच्या तोंडावर दिवाळी मी कधी पाहिली नाही बाई. कायम बारा वाजलेले. नाव पडलं ते त्यांच्या सवयीमुळे. लालबागच्या आमच्या शाळेत बाकीचे गुरुजी विचारायचे, "किती मार्क पडले?" हे विचारायचे, "गेल्या दिवाळीला कुठे होतीस?" प्रत्येक पोराचं दिवाळीआधीचं शुद्धलेखन ते जपून ठेवत आणि आजच्या कागदाशेजारी मांडत. मला म्हणाले, "तेव्हा तुझा ळ पालथा पडायचा. आता बसायला लागलाय. उभाही राहील." तिसरीत दुसऱ्यांदा बसलेली मी, तेवढ्यावर आठवडाभर उडत होते.

ते वर्ष संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीचं. आज हरताळ, उद्या संचारबंदी; शाळा उघडी कमी, बंद जास्त. त्यातच वार्षिक तपासणी लागली. आमच्याकडे एक रीत होती. दिपोटी साहेब, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर, तपासणीला यायच्या आदल्या दिवशी हेडमास्तर कच्च्या पोरांच्या घरी निरोप धाडत, 'उद्या तुमच्या मुलीला ताप आहे.' म्हणजे वर्गाची टक्केवारी वर! दिवाळी मास्तरांनी त्या वर्षी निरोप जाऊच दिला नाही.

"अहो, गोत्यात याल," हेडमास्तर म्हणाले.

"माझ्या वर्गातली आहेत, तर दिसू देत," एवढंच बोलून त्यांनी आम्हा चौघींना पहिल्या बाकावर बसवलं.

साहेबांनी दहा शब्द घातले. माझे चार बरोबर आले. मास्तरांनी जुना कागद पुढे केला. "साहेब, गेल्या दिवाळीला हिचा एकही बरोबर नव्हता."

साहेब रागावले नाहीत हो. चष्मा पुसत म्हणाले, "गुरुजी, आमच्या तक्त्यात गेल्या दिवाळीला रकाना नाही."

वर्गावर 'असमाधानकारक' शेरा पडला. महिन्याभरात मास्तरांची शिवडीला बदली झाली, बढतीही अडली म्हणे. हार नाही, नारळ नाही. जाताना आमच्या कागदांचा गठ्ठा त्यांनी नव्या गुरुजींच्या टेबलावर ठेवला. पाठकोरे कागद मिळाले म्हणून नवे गुरुजी खूश झाले.

पुढल्या तपासणीला आमच्या घरी निरोप आला. आईने माझ्या कपाळाला हात लावला. "आंग तर थंडगार आसा गो तुजा," म्हणाली आणि तरी चादर घालून निजवलं.

त्या वर्षी शाळेचा निकाल फार चांगला लागला. आईने मला पुन्हा पाठवलं नाही. "तेंका तू नको तर शाळेत कित्याक जातंस?" पुढची अक्षरं मी दुकानांच्या पाट्यांवरून, पुड्यांच्या कागदांवरून जमवली. बरोबर की चूक, सांगायला कुणी नव्हतं.