त्या दिवशी मी बरी होते

हे आजवर मी कुणाच्या कानावर घातलेलं नाही. सुधीरच्या नाही — तो माझा नवरा — डॉक्टरांच्या नाही, आणि देवापुढे हात जोडले की चटकन दुसरंच काहीतरी मागून मोकळी होते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

आधी आजाराचं सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मला बायपोलर आहे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कळलं. तीन आठवडे झोप नाही, भूक नाही, तोंडाला कुलूप नाही; बिल्डिंगमधल्या बारा घरांना जेवायला बोलावलं आणि घरातली सगळी दारं लाल रंगवायला घेतली. त्यानंतर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून होते. त्या चार महिन्यांत माझे केस कुणी विंचरले? वृषालीने. माझ्या नणंदेने. रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी वीस मिनिटं, एक शब्द न बोलता, ती माझा गुंता सोडवत बसायची.

मग गोळ्या लागू पडल्या. लोकांना वाटतं, गोळ्या सुरू झाल्या की संपलं. तसं नसतं हो. ठरलेल्या वेळी झोपायचं, ठरलेल्या वेळी उठायचं, दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचं, पाणी कमी पडू द्यायचं नाही, मीठ तोडायचं नाही. म्हणजे उपास बंद. माझ्या नावाची संकष्टी सासूबाई धरायच्या. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, मी रोज पेन्सिलीने आदल्या रात्रीच्या झोपेचे तास लिहायचे. सात. सात. साडेसहा. सात. ते पान घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनीही सांगितलेली नव्हती. हसण्याची. मी जरा मोठ्याने हसले की सुधीर सासूबाईंकडे बघायचा आणि सासूबाई कॅलेंडरकडे. हळूहळू माझ्यासमोर तेही मोठ्याने हसेनासे झाले. आमचं घर जेसल पार्कला, तिसऱ्या मजल्यावर. ओहोटी लागली की खिडकीतून खाडीच्या चिखलाचा वास येतो. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्या शांत घरात मला वाटायचं — इथे आणखी एक बाई आहे. माझ्याच मापाची. सगळे तिच्या पावलांकडे कान लावून बसलेत आणि मी मात्र त्यांना दिसतच नाही. असं पाच वर्षं चाललं.

वृषाली तेव्हा एकतीसची होती. बरीच स्थळं येऊन गेलेली. वसईचं एक चांगलं स्थळ आलं, रविवारी बघायला येणार म्हणून ठरलं. शुक्रवारी ती माझ्याजवळ आली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "वहिनी, रागावू नकोस गं. रविवारी तू मावशीकडे जाशील? संध्याकाळपर्यंतच."

मी म्हटलं, जाते की. खरंच राग आला नव्हता. तिच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं.

मावशी म्हणजे सासूबाईंची धाकटी बहीण. ती तारोडी गावात असते. दिवसभर तिच्या ओट्यावर बसून होते. ती दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन माझ्या तोंडाकडे निरखून बघायची. "बरी हायस ना गो? काय होत न्हाय ना?" बरी आहे मावशी, मी म्हणायचे. आणि मी बरी होते. हे कृपा करून लक्षात ठेवा.

संध्याकाळी जिना चढताना आतून हसणं ऐकू आलं. तिघांचंही. सुधीरचं ते खदाखदा हसणं — मी विसरूनच गेले होते की तो असा हसतो. दारापाशी किती वेळ उभी होते कोण जाणे. मग बेल दाबली. हसणं थांबलं. दार उघडलं तेव्हा तिघांचेही चेहरे घडी घालून ठेवल्यासारखे. पसंती आली होती. मला पेढा दिला. कॅलेंडर पुन्हा खिळ्यावर होतं, पण घाईघाईत पुढच्या महिन्याचं पान वर राहिलेलं. माझ्या गोळ्या शोधल्या, तर तांदळाच्या डब्यात सापडल्या.

मग मी काय केलं? काही नाही. जेवले, गोळ्या घेतल्या, साडेदहाला झोपले. सकाळी पान मागे उलटून सात लिहिलं. ऑफिसला गेले. दुपारी डबा खाल्ला, हात धुतले, आणि वृषालीच्या फाइलमधल्या मुलाच्या बायोडेटावरून सकाळीच उतरवून घेतलेल्या नंबरवर त्याच्या आईला फोन लावला. आवाज कापत नव्हता. मी वृषालीची वहिनी, मला बायपोलर आहे, हे तुमच्यापासून लपवलंय — असं म्हणाले. एवढं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. कारण चार दिवसांनी नकार आला तेव्हा त्या बाईंनी सुधीरला फोनवर ऐकवलं: तुमच्याच मिसेसनी सांगितलं, घरातलं आजारपण असं लपवायला नको होतं.

सुधीर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. आता ओरडेल, मला वाटलं. ओरडायला हवं होतं. पण तो माझ्या डोळ्यांत काहीतरी शोधत होता. हळूच म्हणाला, "झोप लागतेय ना तुला?"

कळतंय का तुम्हाला? त्याने दार उघडून धरलं होतं. मी फक्त आत पाऊल टाकायचं होतं. मी हसले. मोठ्याने. आणि थांबले नाही.

अकरा दिवस ऑफिसला न जाता मी आजारी असल्याचं नाटक केलं. भूमिका पाठच होती. दुपारी सगळी भांडी खाली काढायची, तीन-तीनदा घासायची, अखंड बोलायचं, रात्री मुद्दाम जागं राहायचं. कॅलेंडरवरचे त्या आठवड्याचे सात मी खोडरबरने पुसले आणि तिथे तीन, दोन, दोन लिहिलं. सासूबाईंनी माझ्यावरून मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. डॉक्टरांनी पान बघून डोस वाढवला. तो बराच काळ तसाच राहिला, आणि माझ्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला.

नवव्या दिवशीची एक गोष्ट आहे. दुपारची वेळ, मी बाथरूमचं दार लावून घेतलं. बघायला कुणी नाही, म्हणून नाटक थांबवलं, तोंड मिटलं. तरी बडबड ऐकू येत होती. माझाच आवाज. आरशात बघितलं. मी ओठ घट्ट मिटले होते, बोटांनी चाचपून पाहिले — आणि आरशातल्या बाईचे हलत होते. ती मला काहीतरी समजावून सांगत होती, अगदी मायेने. खरं की जागरणाने झालेला भास? त्यानंतरच्या रात्री मी झोपायचा प्रयत्न केला, झोप आली नाही. नाटक कुठे संपलं, मला नाही सांगता येत.

पण यातून मी सुटका शोधत नाहीये. ती बाई आली असेल, तर फोननंतर आली. फोनच्या दिवशी माझ्यात मी एकटीच होते.

अकराव्या दिवशी वृषाली कंगवा घेऊन बसली. पुन्हा तसंच, माझ्या पाठीमागे. मध्येच कंगवा थांबला. ती रडत होती. "चुकलं माझं, वहिनी. तुला घालवायला नको होतं मी. त्यामुळेच झालं हे." आणि मी? मी मान हलवली. मी तिला माफ केलं!

त्यानंतर स्थळं येईनाशी झाली. आली तर एकदा चौकशी करून गप्प व्हायची. वृषाली हुशार आहे, हिशोबी डोक्याची आहे. ती पोळ्या लाटता लाटता मला विचारायची, "तू काही माझी सख्खी बहीण नाहीस. तुझा आजार मला कुठून येणार? एवढं साधं त्या लोकांना कळू नये?" चोराच्या मनात चांदणं. मी तव्यावरची पोळी उलटायचे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. आहे. फोनवर त्या बाई मला काय म्हणाल्या होत्या, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही. त्या म्हणाल्या होत्या, "अहो, मग काय झालं? हल्ली चांगली औषधं आहेत. आणि मुलीचा त्यात काय दोष? तुम्ही काळजी घ्या स्वतःची." चांगल्या बाई होत्या. वृषालीला सांभाळलं असतं त्यांनी. तिथे थँक्यू म्हणून फोन ठेवता आला असता.

मी म्हणाले, तिलाही तेच आहे. आम्हा दोघींच्या गोळ्या एकाच डब्यात असतात.

असं बोलले मी. जेवून, हात धुऊन, सात तास झोपून उठलेली मी.

बोललेलं वाक्य घरी परत येत नाही. वसईहून नालासोपारा, तिथून आमच्या नात्यागोत्यात. आता वृषाली एकोणचाळीसची आहे. लग्नाकार्यात बायका तिच्याकडे टक लावून बघतात. ती भरभर बोलायला लागली की एकमेकींना कोपर मारतात. काही महिन्यांपूर्वी एका ओळखीच्या बाईने तिला सरळच विचारलं, गोळ्या चालू आहेत ना गं? ती घरी आली आणि बराच वेळ बेसिनवरच्या आरशासमोर उभी राहिली. मी तिला तिथे पाहिलं आणि मागच्या मागे सरकले. तेव्हापासून तिची झोप कमी झालीय.

गेल्या महिन्यात माझ्या तपासणीला ती सोबत आली. माझं झाल्यावर उठली नाही. डॉक्टरांना म्हणाली, "सर, लोकांना माझ्यात काहीतरी दिसतं. मला दिसत नाही. पण वहिनीलाही सुरुवातीला कळलं नव्हतंच ना?" डॉक्टरांनी तिला चार प्रश्न विचारले, मग पेन खाली ठेवून माझ्याकडे वळले. "तुम्ही रोज बघता हिला. तुम्हाला काय वाटतं?"

मी शेजारच्या खुर्चीत होते. त्या दिवशीही मी बरी होते. एक वाक्य पुरे होतं.

मी म्हणाले, "एकदा नीट तपासून घेतलेलं बरं, सर."

वृषालीने टेबलाखाली माझा हात घट्ट धरला. मी तिला तो धरू दिला.