म्हसोबाच्या चढाला राहिलेलं बटण

एटीव्ही, म्हणजे चिखला-दगडांतून चालणारी जाड चाकांची उघडी गाडी, चालवायला मी शिकलो ते पर्यटकांसाठी. वेल्ह्याजवळच्या एका कॅम्पवर पुण्याहून आलेल्या मंडळींना चिखलातून फिरवून आणायचं, हे माझं काम. आमच्या वाडीत त्या बुटक्या गाडीला सगळे 'खेकडा' म्हणत. मालकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की एरवी इंजिनाचा जोर मागच्याच चाकांना असतो; तो चारी चाकांना देणारं बटण चिखलाच्या आधी, गाडी हळू चालू असताना दाबायचं. मागची चाकं जागेवर गरगरायला लागली, की त्याला हात लावायचा नाही, पुढचं काहीतरी तुटतं. पर्यटकांना मी हे अशा ऐटीत सांगायचो, की जणू गाडी मीच बनवली आहे.

वाडीतून डांबरी सडकेला यायचं तर एक खिंड चढावी लागते. चढाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला म्हसोबा आहे. तिथे पायी जाणारा थांबतो, टेम्पोवालाही थांबतो. मी मात्र पर्यटक घेऊन जाताना थांबायचो नाही. म्हसोबा दिसला, की वेग कमी करायचा आणि बटण दाबायचं. माझ्यापुरती ती खूण होती.

श्रावणात बांधावर गवत कापताना चुलत्यांना घोणस चावली. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं होतं, त्यामुळे चुलते म्हणायचं ते नावाला. पावसाने वाट खचली होती आणि रुग्णवाहिका खिंडीपलीकडे सडकेवरच थांबणार होती. कॅम्प खिंडीच्या अलीकडे, वाडीच्याच बाजूला होता; तिथून मी खेकडा आणला. चुलत्यांना मागे बसवलं. चुलतीने जुन्या लुगड्याने त्यांना माझ्या पाठीशी बांधलं. पाय टरटरून सुजला होता, पण ते शुद्धीवर होते. वीस मिनिटांत सडकेला पोचलो असतो.

म्हसोबा दिसला तसा मी वेग कमी केला. बोट बटणाकडे गेलंच होतं, तेवढ्यात चुलते कानाशी म्हणाले, "थांब. त्याला न इचारता म्होरं जाऊ नगंस."

मी थांबलो. का थांबलो, याचा मला अजून राग येतो. त्यांचा शब्द मोडला असता, तर त्याचाही आला असता. त्यांना हात उचलवेनात, म्हणून त्यांच्या वाटचेही मीच जोडले. उभ्या गाडीतही बटण दाबता आलं असतं. पण मी घाईने निघालो आणि ते राहिलं ते राहिलंच.

पन्नास पावलांवर मागची चाकं चिखलात गरगरायला लागली, तेव्हा आठवलं. एक्सलेटर पुरता दाबलेला होता. पर्यटकांना नको म्हणून सांगायचो, नेमक्या तशा वेळी मी बटण दाबलं. पुढून कडाड आवाज आला. पुढची चाकं हललीच नाहीत आणि मागची बघता बघता आसापर्यंत रुतली.

मोबाईलला रेंज नव्हती. मी लुगडं सोडलं नाही. तसाच त्यांना पाठीवर घेऊन चढायला लागलो. "सावकाश, पडशील," ते म्हणत होते. खिंडीपर्यंत म्हणत होते. उताराला लागलो तेव्हा त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली आणि अंग जड झालं. सडकेला पोचायला दीड तास लागला. वेल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मला बाहेर बसायला सांगितलं.

मालक मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

दहाव्याच्या आदल्या दिवशी चुलती माझ्याजवळ येऊन बसली. ते लुगडं तिने धुऊन घडी घालून आणलं होतं.

"म्हसोबापशी थांबला व्हता न्हवं तुमी?" तिने विचारलं.

"व्हय."

"मग झालं. आपल्याकडनं काय राह्यलं न्हाई."

मी मान हलवली. बटणाचं तिला मी आजवर सांगितलेलं नाही.