फुईने झाकलेली मोहाची फुलं

मागच्या आठवड्यात सुट्टी काढून फुईकडे गेले होते... शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा आहे. फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आमच्या भिल्ल घरांत आत्याला फुईच म्हणतात.

वडील एसटीत लागले म्हणून आम्ही धुळ्यात वाढलो आणि मी तिथेच नर्स झाले. फुई मात्र रानापाशीच राहिली. आता सत्तरीच्या पुढे आहे, पण मोहाचा हंगाम आला की तिला घरात कोंडून ठेवणं कुणालाच जमत नाही.

पहाटे तिने उठवलं आणि आम्ही टोपल्या घेऊन निघालो. उजाडायचं होतं. झाडाखाली उभी राहिले, तर वरून फुलं पडत होती... टप... टप... मध्येच थांबायची, मग पुन्हा. वारा नव्हता. जणू झाड झोपेतच एकेक फूल सोडून देत होतं.

अंधुक उजेडात जमीन पांढुरकी दिसत होती. एक फूल तोंडात टाकलं. गोड, रसाळ, थोडं उग्र... आणि एकदम लहानपणीच्या सुट्ट्या आठवल्या, फुईच्या हातची मोहाची भाकरी आठवली. वॉर्डातले बेड, सलाईन, ड्युटीचा चार्ट, सगळं कुठेतरी फार लांब राहिलं.

फुई वाकून वेचत होती आणि आपल्याच नादात गुणगुणत होती. एका बाजूला तिने पाचोळा पेटवला होता. पाचोळा जळला की जागा मोकळी होते आणि पडलेलं फूल नीट दिसतं. त्या धुरात मोहाचा वास मिसळला होता. मला वाटलं, इथेच बसून राहावं. कुणी हाक मारू नये.

तेवढ्यात लांबून गाडीचा आवाज आला.

फुई ताडकन उठली. "गाडी उनी! झाकी दे बठ्ठं!"

गाडी आली, सगळं झाक... एवढं मला कळलं. तिने पदर सोडून टोपलीवर पसरला. आणि गंमत बघा, मीही ओढणी काढून माझी टोपली झाकली. विचार केलाच नाही. हात आपोआप गेले.

मग भानावर आले. "फुई, अगं आपण कशाला झाकतोय?"

ती गाडीच्या दिशेने बघतच म्हणाली, "मनी माय झाके, म्हनीसन मी झाकस."

तिची आई झाकायची, म्हणून ती झाकते. तिची आई म्हणजे माझी आजी. आजीच्या लहानपणी इंग्रजांचं राज्य होतं. तेव्हा घरात मोहाची फुलं सापडली तरी दारू गाळतात म्हणून धरून न्यायचे, असं आजी सांगायची. ज्या फुलांची भाकरी खाऊन उन्हाळा काढायचा, तीच फुलं चोरीच्या मालासारखी लपवायची! रान आपलं, झाड आपलं... आणि एके दिवशी कुणीतरी येऊन सांगतो की तूच चोर.

फुईने आयुष्यात एकही इंग्रज पाहिलेला नाही. मी तर नाहीच. आणि तरी आम्ही दोघी फुलं झाकून उभ्या होतो.

गाडी म्हणजे मोटारसायकल निघाली. खाकी कपड्यातली एक मुलगी उतरली, वनरक्षक होती. फुईने हात जोडले. "साहेब..." तिचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता.

ती मुलगी धूर बघून आली होती. आधी तिने जळता पाचोळा बुटांनी विझवला. मग आमच्याकडे वळली, पदर बघितला, ओढणी बघितली आणि हसू दाबत म्हणाली, "फुलं झाकली... पण वास कसा झाकणार?"

फुईचे हात अजून जोडलेलेच.

मुलगी खाली बसली आणि तिने बोलीच बदलली. "फुई, मी साहेब नही. मी भी पाड्यानीच पोर शे. मनी आजी भी अशीच झाके."

तिने सांगितलं, फुलं वेचा, त्याला कुणी अडवत नाही. फक्त पाचोळा जाळू नका, झाडून काढा, रान पेटतं. तेवढं बोलून ती उगीच बसून राहिली. आम्ही तिघी वर बघत होतो. उजाडलं होतं. फुलं पडतच होती... टप... टप... एक त्या मुलीच्या खांद्यावर पडलं.

बऱ्याच वेळाने फुईने टोपलीवरचा पदर उचलला, डोक्यावर घेतला आणि ओंजळभर फुलं तिच्यापुढे धरली. "खाय."

तिने खाल्ली. मग फुईने विचारलं, "तुन्हं नाव काय शे, माय?"

"सुनीता."

खाकीतल्या माणसाला नाव विचारायची फुईची ही पहिलीच वेळ होती. ती गेल्यावर फुईने ते नाव दोन-तीनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं आणि पुन्हा वाकून वेचायला लागली...

राज्य संपलं की भीतीही संपते, असं मला वाटायचं. ती अशी हातांतून हातांत येते, हे त्या पहाटे कळलं. सुनीता, तू हे वाचशील की नाही माहीत नाही... पण तू घटकाभर खाली बसलीस, त्यासाठी मनापासून आभार.