खुरपेदादांनी राखलेली ओळ

गेल्या जानेवारीतला पहिला सोमवार: अर्ज. शेवटचा शनिवार: पाहणी. एप्रिलमधली एक दुपार: अर्जदाराचा मृत्यू. त्या पाहणीच्या अहवालाला जबाबदार तिघे: बांधावरून पीक पाहणारे कृषी सहायक, त्यांच्या अहवालावर खुर्चीतूनच सही करणारे तालुक्याचे अधिकारी, आणि त्याच अहवालाखाली पंच म्हणून सही करणारा मी, न्यायालयातला निवृत्त लिपिक.

अर्जदार म्हणजे खुरपेदादा. अनसिंगजवळ आमची शेते लागून आहेत. त्यांच्या कमरेला खुरपे कायम खोचलेले असे. बटाटा लावण्याआधी ते वावराच्या चारही कोपऱ्यांत वीतभर खणत, ती माती पांढऱ्या दुपट्ट्यावर पसरत आणि वाकून अळ्या वेचत. वहिनी चिडत, "धुवाले मीच हावो ना!" दादा म्हणत, "अवं, काळ्या मातीत काळी अळी दिसते काय?"

त्या हिवाळ्यात पाला हिरवागार होता. खाली अळीने कंद पोखरले होते. एकट्याने औषध टाकले तर अळी शेजारच्या वावरातून परत येते. दादांना साऱ्या शिवारात एकाच वेळी उपाय हवा होता, आणि त्यासाठी सरकारी कागदावर कीड नोंदली जाणे आवश्यक होते.

सहायक आले, बांधावर थांबले. "पीक तर झकास आहे, दादा."

"साहेब, आलू पाल्याले लागते काय? खाली उतरा, खुरपं मी देतो."

साहेबांनी स्वतःच्या बुटांकडे पाहिले आणि लिहिले: नुकसान आढळले नाही. कागद नमुन्याबरहुकूम होता. मी सही केली.

"वकीलसाहेब," दादा मला थट्टेने अशीच हाक मारीत, "तुमी तरी उतरले असते."

फेरपाहणीचा अर्ज देऊन त्यांनी पीक काढले, पण एक ओळ तशीच राखली. लोक विचारत, "काहून ठेवली, बियाण्याले?"

"साहेबाले दाखवाले."

कोणी आले नाही. दादा गेल्यावर वहिनींनी खुरपे आणि दुपट्टा माझ्यापुढे ठेवला. "भाऊजी, या खेपेले तुमीच धुजा."

मी बांधावरून उतरलो. ओळ खणली, माती दुपट्ट्यावर पसरली. धड कंद एकही निघाला नाही. यंदा तीच भोके माझ्या बटाट्यांना आहेत, आणि माझ्या तीन पत्रांना उत्तर नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत दोघा अधिकाऱ्यांनी उभे राहून सांगावे: जमिनीखालच्या पिकाचा निकाल पाला पाहून कोणत्या नियमान्वये दिला? माझ्या सहीचा जबाब मी त्यांच्याआधी देईन. दुपट्टा सोबत आणीन. तो मी अजून धुतलेला नाही.