पालथ्या पानाखालची धिरडी

तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीत गोमतीकाकूंइतकी हट्टी बाई दुसरी नव्हती. मी हे त्यांच्या तोंडावर सांगायचे. त्या म्हणायच्या, "मी हट्टी नसते तर तुझी धिरडी अजून तव्याला चिकटली असती, अलमेलु." खरंच होतं ते. लग्न होऊन मी शेजारच्या घरात आले, तेव्हा गुळाची धिरडी मला त्यांनीच शिकवली. तांदूळ, गूळ, खोबरं, वेलदोडा. तमिळ शेजारणी त्यालाच वेल्लदोसै म्हणतात. आमच्या मराठी घरांत त्याशिवाय दिवाळी होत नाही.

ज्या घरात कुणी गेलं असेल, तिथं मात्र वर्षभर सणाला तवा चढत नाही. बातमी उशिरा कळली, तर कळल्या दिवसापासून वर्ष धरायचं. मग शेजारणीनं धिरडी करून न्यायची, केळीच्या पालथ्या पानानं झाकून, परसदारानं. तीस वर्षं हे काम गोमतीकाकूंनीच केलं. कुणाकडे न्यायचं, कुणाकडे नाही, सगळं त्यांना पाठ. माझे सासरे गेले त्या वर्षी त्याच ताट घेऊन आल्या होत्या, आणि मी एक धिरडं संपवेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

त्यांचा एकुलता एक गोपालकृष्ण आखातात विजेची कामं करायचा. नव्वद साली तिकडे युद्धाची धामधूम उडाली आणि पत्रं थांबली. लोक कुजबुजायला लागले. काकू मात्र दर दिवाळीला पहिलं धिरडं त्याच्या नावानं वेगळं काढायच्या. "माझा तवा चढतोय ना? मग तो आहे," म्हणायच्या. कोण वाद घालणार त्यांच्याशी?

ब्याण्णव साली दिवाळीच्या आदल्या दुपारी त्यांचे यजमान, चंद्रमौळीकाका, आमच्या परसदारी आले. आडुतुरैच्या भात संशोधन केंद्रातून निवृत्त झालेला, अबोल माणूस. खिशातून त्यांनी एक पत्र काढलं. गोपालकृष्णाबरोबर राहणाऱ्या कुणीतरी लिहिलं होतं. तो त्याच धामधुमीत गेला. घरचा पत्ता मिळेपर्यंत दोन वर्षं लोटली होती.

"उद्या सकाळी तू ताट आण," काका म्हणाले.

मला रागच आला. "काका, हे काय बोलणं झालं? तुमचं लेकरू ते. तुम्ही सांगायला नको?"

"चार दिवस सांगायचं म्हणतोय गे. तोंड उघडलं की ती विचारते, पाणी हवं का."

पहाटे धिरडी घालताना रडत होते आणि त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होते. मला का हे काम? दुसरं कुणी नव्हतं का?

सकाळी उजाडल्यावर परसदारानं गेले. काकू न्हाऊन चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग पालथ्या पानाकडे.

"साक्कोट्टैचा दादा गेला का गे?" त्यांनी विचारलं.

भाऊ गेला तर लग्न झालेल्या बहिणीच्या घरचा तवा थांबत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"दादा बरे आहेत, काकू," मी म्हटलं.

त्यांनी फडक्यानं धरून तवा उतरवला. काका दारात उभे होते, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मग चुलीजवळची ताटली पुढे ओढली. तिच्यात एक धिरडं होतं.

"त्याचं आधीच घातलं गे मी," त्या म्हणाल्या.

त्यांनी ते उचलून माझ्या हातात दिलं. "हे तू ने. ह्या घरात आज तवा चढला नाही."

मला निघवेना. मी ताटावरचं पान काढलं, ताट त्यांच्यापुढे सरकवलं आणि समोर बसून राहिले. बऱ्याच वेळानं त्यांनी एक तुकडा मोडला. त्या खात होत्या आणि माझ्या मांडीवर गोपालकृष्णाचं धिरडं निवत होतं.