बटण, साहेब आणि वहिनी

सलूनच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वहिनींच्या लेखी जगात दोनच प्रकारची कुत्री होती: टेरियर आणि इतर. इतरांविषयी त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. बिचारी जन्माला आलीच आहेत तर राहोत, एवढं मोठं मन त्यांनी केव्हाच केलं होतं.

खरं तर त्या वहिनी फक्त एकीच्याच. खालच्या सलूनवाल्याच्या धाकट्या बहिणीच्या. पण नणंदेने हाक मारायची आणि गल्लीने ती उचलायची, असं होता होता जनावरांचे डॉक्टर, औषधाचा दुकानदार आणि त्यांच्याहून वयाने चांगला थोर असलेला पोस्टमनसुद्धा त्यांना वहिनीच म्हणू लागला. एकदा गडबडीत नवऱ्याच्या तोंडूनही 'अहो वहिनी' निघून गेलं होतं. त्या दिवशी त्याला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

मागच्या खोलीत वहिनींचं राज्य होतं. मधोमध कुत्र्याला उभं करायचं टेबल, त्याला पट्टा अडकवायची लोखंडी दांडी, भिंतीवर ओळीने कंगवे, डब्यात खडूची भुकटी, आणि कोपऱ्यात ती लाकडी पेटी जिच्यात टाचणी नावाच्या कुत्रीची सगळी वेतं झाली. वहिनींचे टेरियर तारेसारख्या केसांचे, पांढऱ्या अंगावर काळे-तपकिरी डाग असलेले. हा केस कापायचा नसतो. जुना झालेला केस अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून एकेक खुडायचा असतो, म्हणजे खालून नवा, ताठ, चकचकीत केस येतो. मशीन फिरवलं की केस मऊ पडतो, रंग विटतो आणि कुत्रा उशीच्या अभ्र्यासारखा दिसायला लागतो. आता जिच्या पायाखालच्या मजल्यावर दिवसभर मशीनच घरघरतंय, तिने काय करावं? लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा-बायकोत तह झाला: खालचं मशीन वर यायचं नाही आणि वरचं कुत्रं खाली जायचं नाही. नवरा गल्लीतल्या सगळ्या डोक्यांचा मालक, पण स्वतःच्या घरातल्या एका शेपटीलाही हात लावायची त्याला मुभा नव्हती.

वहिनींकडे नवशिके लोक सल्ला घ्यायला यायचे. पिल्लू कसं निवडावं, असं कोणी विचारलं की वहिनी चष्मा वर सरकवून सांगायच्या, "डागांकडे बघायचंच नाही. डाग म्हणजे कापडाचा रंग. रंगाला भुललात की संपलात. शिवण बघा! खांदा कसा बसलाय, पाठ कशी आहे, पाय कुठे पडतात!" नवशिके माना डोलवायचे आणि जाताना सगळ्यात सुंदर डागाचं पिल्लू उचलून न्यायचे. त्यांच्या पाठीमागे वहिनी कपाळाला हात लावायच्या.

आणि टाचणीच्या शेवटच्या वेतात वहिनींनी नेमकं तेच केलं.

वेतात दोन नर होते. एकाच्या तोंडावर डाग असे की मोजपट्टी लावून काढलेत. डावीकडे जितका तपकिरी तितकाच उजवीकडे, मधून पांढरी रेघ. दुसऱ्याच्या एका डोळ्यावर आणि अर्ध्या ओठावर कोणीतरी दौत लवंडल्यासारखा काळा डाग. पहिल्याला टेबलावर ठेवलं तर तो फोटो काढायला आल्यासारखा उभा राहिला. दुसरा बसला. उठवला, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा उठवल्यावर आडवाच झाला आणि जांभई दिली. वहिनींनी पहिला ठेवला, त्याचं नाव बटण. दुसरा नणंदेला दिला. "घरात ठेवायला छान आहे," असं म्हणून दिला. ब्रीडरच्या तोंडी हे वाक्य म्हणजे मुलगी बघायला गेलेल्यांनी 'स्वभाव चांगला वाटला' म्हणावं, त्यातला प्रकार.

नणंदेचा नवरा आयुष्यभर ऑफिसात घासूनही साहेब झाला नाही, तो हेडक्लार्क म्हणूनच निवृत्त झाला. घरात एक तरी साहेब असावा म्हणून नणंदेने कुत्र्याचंच नाव साहेब ठेवलं.

बटणने वहिनींची मान ताठ ठेवली. एकामागून एक शोमध्ये तो सर्टिफिकेटं घेत गेला आणि आता चॅम्पियन व्हायला त्याला एकच सर्टिफिकेट कमी होतं. चॅम्पियन! वहिनींनी इतकी वर्षं घालवली, दुसऱ्यांचे चॅम्पियन पाहून टाळ्या वाजवल्या, पण आपल्या पेटीत जन्मलेला, आपल्या हाताखाली वाढलेला चॅम्पियन अजून एकही नव्हता. टाचणी आता म्हातारी झाली होती. जे काय व्हायचं ते बटणकडूनच. मोठ्या वार्षिक शोला अजून बरेच महिने होते, तरी वहिनींनी भिंतीवर विजेत्याला मिळणाऱ्या फितीच्या फुलासाठी, म्हणजे रोझेटसाठी, खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

अशा दिवसांत एका दुपारी त्या कात्री मागायला सलूनमध्ये उतरल्या. गिऱ्हाईक एकच होतं. गळ्याला पांढरा कपडा बांधून ते उंच खुर्चीत बसलं होतं आणि आरशात स्वतःकडे बघत होतं. ते गिऱ्हाईक म्हणजे साहेब.

नवऱ्याच्या हातातलं मशीन चालूच राहिलं. बंद करायचं त्याला सुचलं नाही.

"अगं, ऐक. उकाडा आहे. हीच म्हणाली, दादा, जरा हलका करून दे. नेहमीचंच..."

"नेहमीचंच?" वहिनी म्हणाल्या.

नवऱ्याने जीभ चावली. बाकावर बसलेल्या नणंदेने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं. ते सापडायला फार वेळ लागू लागला.

वहिनी गळ्यापर्यंत शब्द आणून पुढे झाल्या. त्यांनी तो पांढरा कपडा एका झटक्यात ओढला आणि साहेबला जमिनीवर उभा केला. मानेपासून शेपटीपर्यंत एक केस शिल्लक नव्हता. सोललेल्या बटाट्यासारखा कुत्रा. वहिनींनी तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं.

दिल्यापासून वहिनींनी ह्या कुत्र्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. आता केस नव्हते, म्हणून सगळं दिसत होतं. खांदा असा मागे झुकून बसलेला की बोट ठेवायला जागा नाही. छातीची खोली, आखूड पाठ, शेपटीच्या बुडाशी एक सुरकुती नाही. साहेब वळून दाराकडे चालत गेला. पुढचे पाय सरळ पुढे पडत होते, ना आत, ना बाहेर. इतकी वर्षं वहिनी नवशिक्यांना हवेत हात फिरवून जो कुत्रा समजावून सांगत होत्या, तो हाच.

"ओरड तरी," नवरा घाबरून म्हणाला.

वहिनी कात्री न घेताच वर निघून गेल्या. नवऱ्याने बहिणीकडे पाहिलं. "हे फार वाईट लक्षण आहे," तो म्हणाला.

पुढचे काही दिवस वहिनींनी बटणच्या खांद्यावरून इतक्या वेळा हात फिरवला की तो दमून टेबलाखाली जाऊन बसायला लागला. हात फिरवून खांदा मागे सरकत नाही, हे त्यांना माहीत होतं. बटण चांगला होता. फार चांगला होता. पण तो कापडाचा रंग होता, आणि शिवण तिकडे नणंदेच्या सोफ्यावर लोळत होती. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? साहेब दर उन्हाळ्यात खुर्चीत बसेल, आरशात बघेल, मजेत म्हातारा होईल. बटण चॅम्पियन होईल. खिळ्यावर रोझेट लागेल.

मग एका सकाळी नणंद भाजीची पिशवी घेऊन खालून चालली होती, पुढे साहेब. वहिनी खिडकीत होत्या. त्यांनी त्याची चाल वरून पाहिली, मागून पाहिली, कोपऱ्यावर वळताना बाजूने पाहिली, आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, "वन्सं! आहात तिथेच थांबा!"

त्या घरातल्या चपला तशाच घालून खाली धावल्या.

"आजपासून ह्याच्या केसाला कोणी हात लावायचा नाही. दादांनी तर नाहीच नाही."

"का गं? काय झालं?"

"शोला जायचंय ह्याला."

"वहिनी, बरी आहेस ना तू? तूच म्हणाली होतीस, घरात ठेवायला छान आहे."

"म्हणाले होते. चुकले."

नणंदेने भाजीची पिशवी रस्त्यावर ठेवली. "काय म्हणालीस? परत म्हण."

"एकदाच म्हणते मी असलं काही. केस वाढू लागला की रोज ह्याला घेऊन यायचं. पाऊण बादली केस निघणार आहे ह्याच्या अंगातून."

केस वाढला तसा वहिनींनी तो खुडायला घेतला. आधी पाठ, मग मान, मग डोकं. प्रत्येक भाग आपापल्या वेळी, म्हणजे शोच्या दिवशी सगळा केस एकाच तारेत उभा राहावा. सुरुवातीला केस कापसासारखा निघाला. वहिनी खुडत राहिल्या आणि दर चिमटीला नवऱ्याच्या मशीनला दोन शब्द बहाल करत राहिल्या. हळूहळू खालून तार आली. साहेब टेबलावर बसायचा सोडून उभा राहायला शिकला, कारण बसला की वहिनी काम थांबवून त्याच्याकडे नुसत्या बघायच्या, आणि ते त्याला सहन होत नसे.

नवऱ्याला राहवेना. "अगं, बटणचं एकच राहिलंय. स्वतःच्या हाताने त्याच्यासमोर पैलवान उभा करतेयस. थोडं थांबली असतीस तर?"

"समोर कोणी नाही म्हणून जिंकायचं? वर्गात एकटाच आला आणि पहिला आला, त्यातली गत. बटणमध्ये दम असेल तर जिंकेल."

"आणि नसेल तर?"

"मशीनला तेल घाला तुमच्या. किती आवाज करतंय."

शोच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये हिरव्या सतरंज्या टाकून रिंगणं केली होती. वहिनी एका हातात बटणचा पट्टा धरून दुसऱ्या हाताने नणंदेच्या खांद्यावरची पर्स ओढत होत्या.

"ही बाहेर ठेवा."

"माझं सगळं ह्याच्यात आहे!"

"रिंगणात काही विकायचं नाहीये आपल्याला. ठेवा दादांकडे."

एका माणसाला एकच कुत्रा फिरवता येतो. बटणचा पट्टा वहिनींकडे आणि साहेबचा नणंदेकडे. नणंद आदल्या आठवड्यात जिन्याखालच्या जागेत फेऱ्या मारून जेवढं शिकली होती तेवढ्यावर आत शिरली. जज बारीक चणीचे, पाठीमागे हात बांधून फिरणारे गृहस्थ. त्यांनी एकेक कुत्रा टेबलावर घेतला, दात पाहिले, खांद्यावर हात ठेवला. साहेबच्या खांद्यावर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. वहिनींनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

शेवटी बाकीचे बाजूला झाले आणि दोघेच उरले. जजनी खूण केली: समोरासमोर आणा. टेरियरची ही खास परीक्षा. भांडायचं नाही, भुंकायचं नाही. दोन कुत्रे हातभर अंतरावर आणायचे आणि बघायचं, कोण मान उंचावून, शेपटी ताठ करून समोरच्याला नजरेनेच सांगतो, 'इथे मी आहे.'

सख्खे भाऊ समोरासमोर आले. त्यांच्यामागे नणंद आणि भावजय. प्रेक्षकांत उभ्या असलेल्या नवऱ्याने दोन्ही हातांनी पर्स छातीशी धरली.

बटण छान उभा होता. पण कुत्री एकमेकांच्या उरावर बसणार, असं वाटून नणंदेने पट्टा सगळ्या ताकदीने वर ओढला. साहेबचे पुढचे पाय जमिनीवरून उचलले गेले, कोपरं बाहेर आली, मान आखडली. दोरीवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखा दिसायला लागला. जजची नजर त्याच्यावरून सरकली आणि बटणवर येऊन थांबली. बोट उचलायला त्यांनी हात पाठीमागून पुढे घेतला.

वहिनींना फक्त गप्प राहायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच.

"वन्सं! पट्टा सोडा!"

"भांडतील गं!"

"भांडत नाहीत, बघतायत! सैल सोडा म्हणते ना! बघू दे त्याला!"

नणंदेचा हात दचकून खाली आला. साहेबचे पाय जमिनीला टेकले. त्याने अंग एकदा झटकलं, मान वर काढली, शेपटी ताठ केली, आणि अर्ध्या काळ्या तोंडाने बटणकडे असं पाहिलं की बटणने हळूच नजर वळवून वहिनींचा खाऊचा खिसा कुठे आहे ते बघून घेतलं.

जज वळले होते. त्यांनी दोन पावलं मागे जाऊन साहेबकडे पाहिलं. मग बोट उचललं.

हॉलमध्ये टाळ्या झाल्या. नणंदेला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने कुत्रा सोडून वहिनींनाच मिठी मारली. जजनी रोझेट देताना विचारलं, "ह्याचे ब्रीडर कोण?"

"ही! माझी वहिनी!" नणंद आनंदाने ओरडली. "हिला नको होता म्हणून मला दिला!"

जजनी चष्म्यावरून पाहिलं. "नको होता?"

"चांगल्या घरी दिला होता," वहिनी ताठ मानेने म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज सलूनपर्यंत पोचेल असा होता. "खांदा पाहिलात ना? माझ्या टाचणीचा खांदा आहे तो."

"पाहिला," जज म्हणाले. "फार दिवसांनी पाहिला असा."

गाडीत मागच्या सीटवर दोन्ही भाऊ एकमेकांवर डोकं ठेवून झोपले होते. नणंद बराच वेळ रोझेट मांडीवर फिरवत होती. मग हळूच म्हणाली, "वहिनी, एक बोलू? पुढच्या शोला आम्ही येत नाही. साहेबला बरं नाही म्हणून सांगू. बटणचं एकच तर राहिलंय. होऊ दे त्याचं."

गाडी चालवणाऱ्या नवऱ्याने आरशातून आशेने पाहिलं.

"वन्सं, माझ्या कुत्र्याला उपकाराचं सर्टिफिकेट नको," वहिनी म्हणाल्या. "साहेबला अजून बरीच मजल मारायची आहे. उद्या सकाळी दोघंही टेबलाशी हजर पाहिजेत. आणि तुम्ही लवकर या. आधी तुम्हाला पट्टा धरायला शिकवते, मग त्याच्याकडे बघते. त्याच्यात शिकवण्यासारखं फार काही राहिलेलं नाही."